पाच वर्षं हात न लावता चालेल अशा सेन्सरला बॅटरी कुठली घालावी?

ओढाकाठ
मंडळी, मदत हवी आहे. जंगलातल्या एका ओढ्याची पाणीपातळी आणि तिथलं तापमान-आर्द्रता मोजायचा सेन्सर बसवतोय. दर पंधरा मिनिटांनी मोजमाप आणि तासातून एकदा लोरावरून (कमी विजेत लांब पल्ला देणारा रेडिओ) डेटा पाठवायचा, एवढंच काम. जागा अशी की तिथे उठसूट जाता येत नाही, पावसाच्या महिन्यांत तर वाटच बंद होते, त्यामुळे एकदा बसवला की किमान पाच वर्षं त्याच्याकडे बघायला लागू नये अशी इच्छा आहे. वर दाट झाडी आहे म्हणून सोलर बाद. दुसरा असाच एक सेन्सर नोड उघड्या खडकावर बसवायचाय, तिथे मात्र दिवसभर ऊन.

सध्या तयार डेव्हलपमेंट बोर्डला चार अल्कलाइन एए सेल लावून प्रयोग चालू आहे पण काही आठवड्यांतच सेल संपतात. मोठी बॅटरी घ्यायची का? डी साइजची लिथियम थायोनिल क्लोराइड १९ अँपिअर-तासाची मिळते असं वाचलंय, ती घेतली की झालं ना?

तारजोड
एकच प्रश्न, बोर्डवर रेग्युलेटर कुठला आहे आणि पॉवरचा लाल एलईडी पेटलेला असतो का?

ओढाकाठ
रेग्युलेटरवर एएमएस१११७ लिहिलंय. एलईडी आहे, कायम पेटलेला असतो.

तारजोड
मग बॅटरीचा विषय थोडा बाजूला ठेवा, कारण तुमचे सेल सेन्सर संपवतच नाहीये. एएमएस१११७ काही काम नसताना स्वतःसाठी ५ मिलीअँपच्या आसपास खातो. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे नुसता रेग्युलेटर वर्षाला जवळजवळ ४४ अँपिअर-तास घेणार, आणि तुम्ही म्हणताय ती १९ अँपिअर-तासाची डी साइज सहा महिनेसुद्धा काढणार नाही. त्यात एलईडीचे एक-दोन मिलीअँप, यूएसबी-सिरियल चिपचे वेगळे. चिप कितीही गाढ झोपली तरी बोर्ड जागाच राहतो.

असल्या कामात मी एकच आकडा पाठ करायला सांगतो. १० मायक्रोअँप सतत = वर्षाला ८८ एमएएच (मिलीअँपिअर-तास). यावरून बाकी सगळं तोंडी निघतं. १०० मायक्रोअँप म्हणजे ८७६, एक मिलीअँप म्हणजे पावणेनऊ अँपिअर-तास. बॅटरी निवडण्याआधी तुमचा झोपेतला करंट यातल्या कुठल्या ओळीत बसतो ते बघा.

सूक्ष्मधारा
तारजोड यांच्याशी पूर्ण सहमत. यात थोडी भर घालते कारण "कुठली बॅटरी" हा प्रश्न खरं तर तीन प्रश्नांचा मिळून बनलाय आणि लोक तिन्हीची गल्लत करतात. झोपेत किती करंट जातो, जागं झाल्यावर एका झटक्यात जास्तीत जास्त किती लागतो आणि किती वेळ लागतो, आणि त्या जागचं तापमान कुठून कुठपर्यंत जातं. लेबलवरचे एमएएच यानंतर येतात.

तुमचा हिशोब अंदाजे मांडून बघते, आकडे तुम्ही मोजून बदला. मोजमाप दिवसाला ९६ वेळा, प्रत्येक वेळी एक सेकंद ५ मिलीअँप धरले तर दिवसाला ०.१३ एमएएच. लोरा पाठवणं २४ वेळा, स्प्रेडिंग फॅक्टर (लोराची सेटिंग, आकडा मोठा तितका पल्ला जास्त पण वेग कमी) १० ला छोटं पॅकेट हवेत साधारण ०.४ सेकंद असतं, करंट ४५ मिलीअँप धरा, झाले ०.१२ एमएएच. दोन्ही मिळून वर्षाला ९० च्या आसपास. झोपेतला करंट ८ मायक्रोअँपपर्यंत आणलात तर त्याचे वर्षाला ७०. एकूण १६०-१६५ एमएएच वर्षाला, पाच वर्षांचे ८०० च्या थोडे वर.

म्हणजे एए आकाराच्या सेलमध्ये हे आरामात बसतं, डी साइजची गरजच नाही. पण ८ मायक्रोअँप साधला तरच हं. आणि स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर गेलात तर तेच पॅकेट हवेत जवळपास चौपट वेळ राहतं, तेव्हा गेटवे (नोडचे संदेश झेलणारा रिसीव्हर) कुठे बसतोय हेही बॅटरीच्याच खात्यात धरा.

लहरवाटा
गेटवेचा विषय निघालाच आहे तर हे लिहून ठेवा. गेटवे बंद पडला तर तुमचा नोड काय करणार? बऱ्याच तयार कोडमध्ये जॉइन (नेटवर्कशी जोडणी) झालं नाही की लगेच परत प्रयत्न, परत प्रयत्न असं चालू राहतं आणि चार-पाच वर्षांची बॅटरी त्यात झपाट्याने संपते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबायचा वेळ वाढवत न्या, शेवटी दिवसातून एकदाच प्रयत्न होईल इतका. आणि पोच मागणारी पॅकेट शक्यतो वापरू नका, पोच आली नाही की तेच पॅकेट पुन्हा पुन्हा जात राहतं. पाणीपातळीचं एखादं वाचन हुकलं तरी पुढच्या पॅकेटमध्ये मागची चार वाचनं जोडून पाठवता येतात.

ओढाकाठ
बापरे, मी तर सरळ बॅटरीच्या याद्या वाचत बसलो होतो. ठीक आहे, आधी करंट मोजतो. साधा मल्टिमीटर चालेल का मायक्रोअँप मोजायला?

तारजोड
झोपेत चालेल, जागं होताना फसवेल. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटरचा आतला रोध बराच असतो, बोर्ड झोपलेला असताना काही कळत नाही पण तो जागा होऊन करंट ओढायला लागला की मीटरवरच इतके व्होल्ट पडतात की बोर्ड रिसेट होतो, आणि आपण समजतो कोडमध्ये गडबड आहे. मीटरच्या दोन टोकांना एक स्विच समांतर लावा, बोर्ड चालू होऊन झोपेपर्यंत स्विच बंद म्हणजे करंट त्यातून जाईल, झोपल्यावर स्विच उघडा आणि वाचा.

मीटरवर विश्वास नसेल तर कपॅसिटरची पद्धत आहे आणि मला ती फार आवडते कारण तिला कसलंही महागडं उपकरण लागत नाही. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डच्या सप्लायला लावा, बॅटरी काढून घ्या आणि व्होल्टेज किती वेळात अर्धा व्होल्ट उतरतं ते बघा. ५० सेकंद लागले तर १० मायक्रोअँप. फक्त कपॅसिटरची स्वतःची गळती आधी वेगळी मोजून वजा करा. आणि व्होल्टमीटर सतत लावून ठेवू नका, तोही थोडा करंट घेतो, सुरुवातीला आणि शेवटी टेकवा.

अशी कामं वारंवार करायची असतील तर नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्या, झोप आणि झटका दोन्ही एकाच आलेखात दिसतात.

नवशिक्या७
छान चाललाय धागा. माझा प्रश्न छोटा आहे, माझं ब्लूटूथ बीकन सीआर२०३२ वर आहे, नवीन सेल घातला तरी थंडीत सकाळी बंद असतं आणि दुपारी आपोआप चालू होतं. सेल खराब येतायत का?

सूक्ष्मधारा
सेल बहुतेक ठीक आहेत. सीआर२०३२ मध्ये २२० एमएएचच्या आसपास क्षमता असते पण ती डेटाशीटमध्ये मोजलेली असते ०.२ मिलीअँपसारख्या बारीक करंटवर. नव्या सेलचा आतला रोध १०-२० ओहम असतो, सेल वापरला जातो तसा आणि थंडीत तो खूप वाढतो. बीकन पाठवताना १० मिलीअँप ओढले आणि रोध तोवर ६० ओहम झालेला असला तर ०.६ व्होल्ट तिथेच गेले, चिप ब्राउनआउटला आली, म्हणजे व्होल्टेज कमी पडून बंद झाली. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक किंवा कमी गळतीचा कपॅसिटर लावा. १० मिलीअँपचा ३ मिलिसेकंदांचा झटका म्हणजे ३० मायक्रोकूलोंब, तो संपूर्ण कपॅसिटरमधून आला तरी फक्त ०.३ व्होल्ट उतरतील. सिरॅमिक घेताना एक बघा, एक्स५आर प्रकारात डीसी व्होल्टेज लागलं की क्षमता बरीच घटते, म्हणून जास्त व्होल्टचा घ्या. जागा असेल तर सीआर२४७७ घ्या, साधारण १००० एमएएच मिळतात.

ओढाकाठ
मोजलं. तयार बोर्डचा झोपेतला करंट ६ मिलीअँपच्या वर निघाला. तारजोड म्हणाले तसंच. रेग्युलेटर आणि एलईडी काढून टाकले, तीन व्होल्ट सरळ दिले तर ४० मायक्रोअँपवर आला. अजून ८ नाही पण एवढा फरक बघून थक्क झालो. उरलेले कुठे जातायत?

तारजोड
बॅटरीचं व्होल्टेज मोजायला दोन रोधांचा डिव्हायडर लावलाय का? १०० किलोओहमचे दोन असतील तर तिथेच १५-१८ मायक्रोअँप सतत जातात. एक तर मेगाओहमचे रोध लावून मधल्या बिंदूला छोटा कपॅसिटर द्या, नाहीतर मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) डिव्हायडर तोडा आणि मोजायच्या वेळीच जोडा.

दुसरी जागा म्हणजे सेन्सर. सेन्सरचा सप्लाय तोडला पण त्याच्या डेटा लाइनचे पुलअप (लाइन सप्लायकडे ओढून धरणारे रोध) मेन सप्लायला तसेच राहिले, तर करंट डेटा पिनमधून सेन्सरमध्ये शिरतो आणि सेन्सर अर्धवट जागा राहतो. पुलअपसुद्धा सेन्सरच्या सप्लायलाच बांधा आणि झोपण्याआधी त्या पिना खाली ओढा. तिसरी, न वापरलेल्या पिना अधांतरी सोडल्या असतील तर त्यांना ठरावीक पातळी द्या.

पुलअपचं गांभीर्य कळावं म्हणून एक उदाहरण देतो. नेहमी जोडलेला असणारा रीड स्विच (चुंबकाने चालणारा), १० किलोओहम पुलअप, ३ व्होल्ट. ३०० मायक्रोअँप सतत. वर्षाला २६०० एमएएच, म्हणजे एक अख्खा एए सेल एका रोधाने खाल्ला. तिथे १ मेगाओहम घातला की वर्षाला २६.

लहरवाटा
आणि पीसीबी (सर्किट बोर्ड) आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्या. मेगाओहमचे रोध वापरायला लागलात की सोल्डरिंगच्या फ्लक्सचा उरलेला थर आणि त्यावर बसलेली ओल हासुद्धा एक रोधच होऊन बसतो. जंगलात तर हमखास. धुवून, वाळवून मग कोटिंग.

ओढाकाठ
डिव्हायडरच होता, आणि पुलअपही! दोन्ही दुरुस्त केलं, आता ७ मायक्रोअँप. आता तरी बॅटरीवर बोलूया ना?

सूक्ष्मधारा
आता बोलूया, आता खरंच अर्थ आहे.

अल्कलाइन आधी बाजूला काढू. खोलीच्या तापमानाला ते वर्षानुवर्षं टिकतात, सेल्फ डिस्चार्जही (न वापरता आपोआप होणारी घट) वर्षाला दोन-तीन टक्केच. पण व्होल्टेज १.५ पासून ०.९ पर्यंत सतत उतरत जातं, थंडीत क्षमता कोसळते, आणि माझा मुख्य आक्षेप म्हणजे ते फुटतात. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलं की सेलबरोबर बोर्डही जातो. जिथे परत जाणं अवघड आहे तिथे मी अल्कलाइन ठेवणार नाही.

लिथियम थायोनिल क्लोराइड म्हणजे तुम्ही वाचलेली. ३.६ व्होल्ट, एए आकारात साधारण २४०० ते २६०० एमएएच, सेल्फ डिस्चार्ज वर्षाला एक टक्क्याच्या आसपास, तापमान उणे ५५ पासून ८५ अंशांपर्यंत. पाण्याचे आणि गॅसचे मीटर दहा-पंधरा वर्षं यावरच चालतात. पण यात दोन जाती आहेत, बॉबिन आणि स्पायरल. बॉबिन जास्त क्षमतेची आणि जास्त टिकणारी पण झटक्याला कच्ची, स्पायरल झटका देते पण क्षमता कमी आणि सेल्फ डिस्चार्ज जास्त. नुसतं "थायोनिल" बघून घेऊ नका, जात विचारा.

तिसरी लिथियम आयर्न डायसल्फाइड, १.५ व्होल्टची, दिसायला नेहमीच्या एएसारखीच. अल्कलाइनपेक्षा हलकी, ३००० एमएएचच्या वर, उणे ४० ते ६० अंश, आणि करंट कितीही मागा, कुरकुर नाही. कपाटात २० वर्षं टिकते असं उत्पादक सांगतात.

माझं मत विचाराल तर झाडीतल्या नोडला दोन आयर्न डायसल्फाइड मालिकेत.

हिमरेषा
मी बर्फाच्या भागातली यंत्रं सांभाळतो, माझं मत थायोनिललाच. उणे ३० ला जे चालतं ते झाडीत चालणारच. आयर्न डायसल्फाइड थंडीत चालते हे खरं पण दोन सेल लागतात, म्हणजे होल्डरचे जोड आले, स्प्रिंगा आल्या, आणि ओलसर जागी आधी स्प्रिंग गंजते मग सेल संपतो. थायोनिल एकच सेल, टॅब (धातूची पट्टी) वेल्ड केलेला, सरळ बोर्डवर सोल्डर केला की विषय संपला.

सूक्ष्मधारा
जोडांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आयर्न डायसल्फाइडसुद्धा टॅबवालीच घ्यावी. सेलच्या अंगावर थेट सोल्डर कुणीही करू नका, उष्णतेने आतलं सील जातं. पण थायोनिलच्या पॅसिव्हेशनचं काय? यांचा ४५ मिलीअँपचा झटका ०.४ सेकंद चालतो.

नवशिक्या७
पॅसिव्हेशन म्हणजे?

हिमरेषा
थायोनिल सेलमध्ये लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो. हा थर म्हणजेच त्या सेलच्या दीर्घायुष्याचं कारण, कारण तोच लिथियमला पुढची रासायनिक क्रिया होण्यापासून अडवतो. पण सेल बरेच महिने पडून राहिला किंवा गरम जागी राहिला तर थर जाड होतो, आणि मग पहिल्यांदा मोठा करंट मागितला की व्होल्टेज आधी खाली आपटतं आणि थर फुटेल तसं हळूहळू वर येतं. थंडीत ही आपट आणखी खोल. यंत्र त्या क्षणी ब्राउनआउट होतं, रिसेट होऊन परत जॉइन करायला जातं, परत आपट. बाहेरून वाटतं सेल मेला आणि खोलून मोजावं तर ३.६ व्होल्ट.

तासाला एक झटका जात असेल तर थर फार जाड होत नाही, तेव्हा ओढाकाठ यांना चालू असताना फारसा त्रास नाही. धोका आहे तो बसवण्याआधी. सेल वर्षभर कपाटात होता आणि सरळ नेऊन लावला असं करू नका. डेटाशीटमध्ये दिलेल्या करंटने काही वेळ लोड द्या, व्होल्टेज स्थिर झालं की मगच न्या.

लहरवाटा
कपॅसिटरने हा प्रश्न सुटतो ना? ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावला की झालं.

तारजोड
नाही सुटत, आणि इथे बरेच जण फसतात म्हणून आकडे लिहितो. ब्लूटूथचा झटका तीन मिलिसेकंद, लोराचा चारशे. ४५ मिलीअँप गुणिले ०.४ सेकंद म्हणजे १८ मिलीकूलोंब. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त उतरू द्यायचं नसेल आणि सेलकडून काहीच येत नाही असं धरलं तर ६० मिलीफॅरड हवेत. ४७० मायक्रोफॅरड त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. म्हणजे सुपरकपॅसिटरच लागतो.

आणि सुपरकपॅसिटर म्हणून घड्याळाच्या बॅकअपचा बटणासारखा ५.५ व्होल्टवाला आणलात तर त्याचा आतला रोध ३०-५० ओहम किंवा आणखी जास्त असतो, ४५ मिलीअँपला दीड-दोन व्होल्ट तिथेच जातील. कमी रोधाचे नळकांडी प्रकारातले २.७ व्होल्टचे दोन मालिकेत लावावे लागतात, मग दोघांवर व्होल्टेज सारखं वाटायला बॅलन्सिंग आलं, बॅलन्सिंगचे रोध स्वतः करंट खाणार. थायोनिलबरोबर वापरायला खास हायब्रिड कपॅसिटर मिळतात, लिथियम आयनच्या जवळपासचं तंत्र आहे, एकच लागतो आणि गळती फार कमी. माझ्या मते तोच घ्यावा.

गळती मोजताना घाई नको. सुपरकपॅसिटर नवा चार्ज केला की पहिले काही तास, कधी काही दिवस तो करंट घेतच राहतो, लगेच मोजलं तर आकडा घाबरवतो. आणि रिकामा सुपरकपॅसिटर थेट बॉबिन सेलला जोडू नका, मध्ये रोध घालून सावकाश भरा.

ओढाकाठ
म्हणजे थायोनिल घेतला तर हायब्रिड कपॅसिटर आला, रोध आला. आयर्न डायसल्फाइड घेतली तर फक्त दोन सेल. झाडीतल्या नोडला मी सूक्ष्मधारा यांच्या बाजूने झुकतोय. हिमरेषा, रागावू नका. :)

हिमरेषा
रागवायचं काय त्यात, तुमच्याकडे उणे तीस नाहीये. पण उघड्या खडकावरच्या नोडचं काय करताय? आयर्न डायसल्फाइड ६० अंशांपर्यंतच. भर उन्हात बंद डबा सहज ६० च्या वर जातो, गडद रंगाचा असेल तर विचारू नका.

सूक्ष्मधारा
बरोबर, तिथे माझंही मत थायोनिल बॉबिन अधिक हायब्रिड कपॅसिटर. उष्णतेचं गणित साधं आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की सेल्फ डिस्चार्जचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांना वर्षाला एक टक्का वाचून पाच वर्षांचा हिशोब मांडला आणि डबा दुपारी ६५ ला तापत राहिला तर तो हिशोब कागदावरच राहणार. पांढरा डबा, त्यावर थोडं अंतर सोडून दुसरं छप्पर, मधून वारा जाईल अशी जागा. बॅटरीचं आयुष्य वाढवायला यापेक्षा सोपं काही नाही. क्षमता धरताना खडकावरच्या नोडला लेबलच्या निम्मीच धरा.

लहरवाटा
खडकावर ऊन आहे तर छोटं सोलर पॅनल आणि लिथियम आयर्न फॉस्फेट का नको? ३.२ व्होल्ट, दोन हजारांच्या वर चार्ज सायकल, पाच वर्षं सहज.

तारजोड
जागेवर जाता येत असेल तर मी पण तेच सुचवलं असतं. पण पॅनलवर धूळ बसते, पक्ष्यांची घाण पडते, कनेक्टर गंजतात, आणि चार्जर, प्रोटेक्शन सर्किट यांचा स्वतःचा करंट असतो. यांच्या नोडला सरासरी लागतात १८-१९ मायक्रोअँप, काही चार्जर मॉड्यूल तेवढं एकटेच खातात. वर्षाला १६५ एमएएच लागणाऱ्या यंत्राला सोलर म्हणजे बिघडू शकणाऱ्या वस्तूंची संख्या वाढवणं आहे. कॅमेरा असता किंवा मोबाइल नेटवर्कचा मोडेम असता, जीएसएममध्ये तर दोन अँपिअरपर्यंत झटके येतात, तिथे सोलरला पर्याय नाही.

हिमरेषा
शिवाय गोठणबिंदूच्या खाली आयर्न फॉस्फेट चार्ज करायची नसते, लिथियम धातू होऊन ॲनोडवर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. थंड जागी सोलर करायचंच असेल तर लिथियम टायटनेट बघा, २.४ व्होल्टचा सेल, क्षमता कमी पण कडाक्याच्या थंडीतही चार्ज होतो.

नवशिक्या७
ती पन्नास वर्षं चालणारी अणुबॅटरी येतेय म्हणतात ती अशा ठिकाणी लावता येणार नाही का?

सूक्ष्मधारा
तत्त्व खरं आहे, किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे बीटा कण अर्धवाहकावर आदळून वीज होते. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, निकेल-६३ चा शंभर वर्षांच्या आसपास. पण ताकद असते मायक्रोवॉटमध्ये, बऱ्याचदा त्याहूनही कमी. ओढाकाठ यांच्या नोडला सरासरी ५५ मायक्रोवॉट लागतात आणि पाठवताना सव्वाशे मिलिवॉटच्या वर. फार बारीक शक्तीवर फार काळ चालणं नवीन नाही, ऑक्सफर्डमध्ये १८४० पासून कोरड्या बॅटरीवर वाजत असलेली एक घंटा आहे, तिचा करंट इतका कमी की बॅटरी अजून संपलेली नाही. पण त्यातून रेडिओ चालत नाही.

ओढाकाठ
तिथेही मुद्दा करंटचाच की. आता दोन शंका. थायोनिल ३.६ व्होल्टची, माझी चिप ३.६ पर्यंतच, थेट जोडू का? आणि बॅटरी संपत आली हे मला घरी बसून कळणार कसं?

तारजोड
थेट नको. बिनलोड नवा थायोनिल सेल ३.६७ दाखवतो, तुमच्या चिपची शिफारस केलेली कमाल ३.६. एक-दोन मायक्रोअँपवर भागणारा रेग्युलेटर मध्ये घाला, एमसीपी१७०० चा स्वतःचा करंट १.६ मायक्रोअँप आहे, ३ व्होल्टवाला घ्या. आयर्न डायसल्फाइडचे दोन ताजे सेलही बिनलोड ३.६ च्या जवळ जातात, थोडे वापरले की लगेच खाली येतात, पण बसवण्याआधी मीटर लावून बघाच.

सूक्ष्मधारा
संपत आल्याचं कळणं हा या दोन्ही रसायनांचा अवघड भाग आहे. दोघांचं व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. झोपेतून उठल्या उठल्या मोजलं तर सगळं उत्तमच दिसणार. म्हणून मोजायचं ते पॅकेट पाठवणं संपता संपता, लोड चालू असताना, आणि तो आकडा पुढच्या पॅकेटमधून पाठवायचा. सोबत त्या वेळचं तापमान, कारण थंड सकाळी तोच सेल कमी दाखवणार. लोडखालचं व्होल्टेज सारख्याच तापमानाला महिन्यागणिक उतरायला लागलं की आतला रोध वाढतोय. खडकावरच्या नोडमध्ये कपॅसिटर हा आकडा झाकून ठेवेल, तिथे झटक्यानंतर व्होल्टेज परत वर यायला किती वेळ लागतो ते मोजा. आणि कोडमध्ये किती वेळा मोजलं, किती वेळा पाठवलं याची गणती ठेवून खर्च झालेले एमएएच बेरजेने काढत राहा.

लहरवाटा
हीच गणती रिसेटनंतरही टिकेल अशा मेमरीत ठेवा. आणि रिसेट किती वेळा झाला तो आकडा पण पाठवा, पॅसिव्हेशनची आपट असेल तर तिथेच आधी दिसेल.

नवशिक्या७
दोन थायोनिल सेल समांतर लावून क्षमता दुप्पट करता येते का?

हिमरेषा
येते, पण प्रत्येक सेलला स्वतःचा डायोड हवा. हे सेल चार्ज करायचे नसतात, एकातून दुसऱ्यात करंट गेला तर धोका आहे. कमी ड्रॉपचा शॉटकी घ्या पण त्याची उलटी गळती गरम जागी किती होते तेही बघा. आणि जुना-नवा सेल कधी एकत्र नाही. ओढाकाठ यांना याची गरज नाही.

ओढाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा.

झाडीतला नोड: टॅबवाल्या दोन आयर्न डायसल्फाइड एए मालिकेत, थेट चिपला, झोपेत ७ मायक्रोअँप. खडकावरचा नोड: एक एए थायोनिल बॉबिन, हायब्रिड कपॅसिटर, ३ व्होल्टचा रेग्युलेटर, पांढरा डबा आणि वर दुसरं छप्पर. निम्मीच क्षमता धरली तरी १२०० एमएएच, लागणार साधारण ९००, पाच वर्षं बसतात. दोन्हीत जॉइन फसलं तर थांबायचा वेळ वाढत जाणार. डबा एकदम बंद न करता हवा जाईल पण पाणी येणार नाही असा व्हेंट लावतोय. बोर्ड धुऊन कोटिंग झालंय.

हे सामान नोड बसवणाऱ्या सोबत्याला विमानाने पाठवायचंय, त्यात काही अडचण?

हिमरेषा
आहे. नुसते लिथियम धातूचे सेल प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१५ पासून बंदी आहे, आणि हे दोन्ही प्रकार त्यातच येतात. यंत्रात बसवलेल्या सेलचे नियम वेगळे आहेत. कुरिअरवाल्याला आत लिथियम धातूचे सेल आहेत हे आधीच स्पष्ट सांगा, जमिनीवरून गेलं तर सगळ्यात बरं.

आणि सोबत्याला आवर्जून सांगा, थायोनिलचा सेल शॉर्ट होता कामा नये, फोडायचा नाही, तापवायचा नाही. आतला द्रव पाण्याशी भेटला की हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सल्फर डायऑक्साइड वायू होतो. वास आला तर डबा तिथेच ठेवून लांब जायचं. संपलेला सेलसुद्धा दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून परत आणायचा, ओढ्याकाठी टाकायचा नाही.

ओढाकाठ
सांगतो. चिकटपट्टी डब्यातच ठेवून देतो, सेल बदलायला जो जाईल त्याच्या हाताशी राहील.